सॉफ्टवेअरच्या नोकरीत सहकाऱ्यांशी होणारी तुलना कशी हाताळावी : पहिल्या चार-पाच वर्षांसाठी मार्गदर्शक

एकाच बॅचमध्ये रुजू झालेली मुले-मुली पहिले काही महिने एकाच प्रशिक्षणात आणि एकाच पगारावर असतात. प्रशिक्षण संपून प्रकल्पवाटप झाले की वर्षभरात चित्र बदलते. कोणी नव्या प्रकल्पावर जावा भाषेत कोड लिहीत असते, कोणी रात्रपाळीत तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामे) सोडवत असते, कोणी बेंचवर (प्रकल्प न मिळता पगारावर) असते, तर कोणी नोकरी बदलून मोठ्या पॅकेजवर पुण्यातच हिंजवडीहून खराडीला गेलेले असते. या फरकाचा बराच भाग त्या आठवड्यात कोणत्या प्रकल्पाला किती माणसे हवी होती यावर ठरलेला असतो. तरीही मागे राहिल्यासारखे वाटणारा माणूस त्याचा अर्थ स्वतःच्या कुवतीशी लावतो, आणि काम करण्याची इच्छा हळूहळू कमी होऊ लागते.

मी स्वतः ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सेवा कंपनीतून सुरुवात करून पुढे स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत आलो आणि नंतर नव्या मुलांना शिकवण्याचे कामही केले, त्यामुळे हा प्रवास दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. ‘तुलना करू नका’ हा सल्ला मी देणार नाही, कारण तो कोणालाच पाळता येत नाही. तुलना मोघम राहिली की ती उमेद खाते, आणि नेमकी केली की तिच्यातून एक तर करण्याजोगे काम निघते, नाही तर ती आपोआप गळून पडते. तुलना नेमकी कशी करायची, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी हे जवळ ठेवा

- ऑफर लेटर आणि त्याला जोडलेला सीटीसीचा, म्हणजे पॅकेजचा तपशील, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (कापलेल्या कराचे प्रमाणपत्र)
- तुमच्या पदाकडून आणि त्याच्या वरच्या पदाकडून काय अपेक्षित आहे, हे सांगणारा कंपनीचा दस्तऐवज (बहुतेक मोठ्या कंपन्यांत तो एचआरच्या पोर्टलवर असतो, सापडला नाही तर मागून घ्या)
- मागच्या अप्रेझलची (वार्षिक मूल्यमापनाची) उद्दिष्टे, रेटिंग आणि लेखी अभिप्राय
- जिरामधील (कामांची नोंद ठेवणारे साधन) तुमची तिकिटे आणि गिटमधील (कोडमधील बदल जपणारे साधन) तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) व पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) पाहता येतील अशी परवानगी
- एक वही किंवा साधी फाइल, आणि दर शुक्रवारी कॅलेंडरमध्ये अडवून ठेवलेला अर्धा तास

१. तुलना नेमकी कशाची आहे, ते लिहून काढा

‘तो माझ्यापुढे गेला’ या वाक्यात पगार, कामाचा वेग, तांत्रिक ज्ञान, मॅनेजरची मर्जी आणि मिळालेला प्रकल्प अशा पाच वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय कशावरच उपाय सापडत नाही. म्हणून वहीत चार रकाने आखा : कोणाशी, कशाबाबत, हे मला कशावरून कळले, आणि यातले माझ्या हातात काय आहे. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. तिथे ‘लिंक्डइनवरची पोस्ट’, ‘कँटीनमधले बोलणे’ किंवा ‘कोणीतरी सांगितले’ असे येत असेल, तर त्या माहितीच्या भरवशावर स्वतःबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, स्वतःची क्षमता मोजायला वस्तुनिष्ठ माप नसले की माणूस इतरांकडे पाहून ती ठरवतो, आणि त्यासाठी आपल्याशी मिळतीजुळती माणसेच निवडतो. सॉफ्टवेअरच्या कामात असे माप सहसा नसते. म्हणूनच वीस वर्षे अनुभव असलेल्या आर्किटेक्टचा हेवा वाटत नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या बॅचमेटचा वाटतो. यात स्वभावाचा दोष शोधू नका. आपल्याला हवे आहे ते माप, आणि पुढच्या पायऱ्यांमध्ये तेच तयार करायचे आहे.

२. पगाराची तुलना कागदावर करा

सर्वांत जास्त त्रास पॅकेजच्या आकड्याने होतो आणि सर्वांत कमी तपासला जाणारा आकडाही तोच असतो. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार बदलणारा भाग) आणि पुष्कळदा एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस हे सगळे धरलेले असते.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुमच्या मित्राचे पॅकेज १२ लाखांचे आहे आणि तुमचे साडेदहा लाखांचे. दोघांचे मूळ वेतन वर्षाला ४ लाख ८० हजार धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा ५७,६०० रुपये, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद सुमारे २३,००० रुपये आणि विम्याचे १५,००० रुपये दोघांनाही सारखेच लागू होतात. मित्राच्या पॅकेजात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे १ लाख २० हजार, आणि १ लाखाचा जॉइनिंग बोनस आहे. तुमच्या पॅकेजात ५ टक्के व्हेरिएबल, म्हणजे ५२,५०० रुपये आहेत आणि जॉइनिंग बोनस नाही. हे सगळे वजा केल्यावर कर कापण्यापूर्वीची निश्चित रक्कम मित्राची सुमारे ८ लाख ८४ हजार उरते आणि तुमची सुमारे ९ लाख २ हजार. दीड लाखाने मागे असल्याचे दुःख ज्या आकड्यावर उभे होते, तो आकडा इथे उलटा फिरतो.

हा हिशेब करताना चार गोष्टी विसरू नका. पीएफचे पैसे बुडत नाहीत, ती तुमचीच बचत आहे. ग्रॅच्युइटी मात्र कायमस्वरूपी नोकरीत साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, त्यामुळे दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने तो आकडा पगारात मोजू नये. जॉइनिंग बोनस ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, अशी अट अनेक ऑफर लेटरमध्ये असते. शेअरच्या स्वरूपात मिळणारा मोबदलाही बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतो आणि पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सोडली तर त्यातले बहुधा काहीच मिळत नाही.

एवढे करूनही खरा फरक उरला तर तो मान्य करा. बाहेरून येणाऱ्याला बाजारभावाने पैसे मिळतात आणि आत असलेल्याला वार्षिक वाढीच्या ठरलेल्या बजेटमधून मिळतात. म्हणून तुमच्याच टीममध्ये, तुमच्याइतकाच अनुभव असलेला नवा माणूस तुमच्यापेक्षा जास्त पगारावर येऊ शकतो. त्यात तुमच्या कामाबद्दल कोणी निर्णय दिलेला नसतो. त्यावरचा उपाय म्हणजे बाजारात स्वतःची किंमत तपासणे. वर्षातून एकदा बायोडेटा अद्ययावत करा आणि एक-दोन मुलाखती द्या. ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पीरियड असेल तर तोही हिशेबात धरा.

इथला सापळा असा की, रागाच्या भरात मॅनेजरकडे जाऊन ‘अमक्याला इतके मिळतात, मग मला का नाही’ असे विचारले जाते. अशा प्रश्नाला मॅनेजर उत्तर देऊ शकत नाही, आणि विश्वासाने आकडा सांगणारा सहकारी अडचणीत येतो. पगाराबद्दल जरूर बोला, पण तुमच्या जबाबदाऱ्या कशा वाढल्या आणि तुमच्या कौशल्याचा बाजारभाव काय आहे, याच आधारावर बोला.

३. वेगाची तुलना करण्यापूर्वी मोजमाप तपासा

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, सहकारी तीन तिकिटे संपल्याचे सांगतो आणि आपण तिसऱ्या दिवशीही एकाच तिकिटावर असतो. या क्षणी मन खचते, म्हणून तिकिटांची संख्या नेमके काय सांगते ते समजून घ्या. तिकिटाला दिलेला स्टोरी पॉइंट हा एखाद्या टीमने आपल्या नियोजनासाठी केलेला कामाच्या आकाराचा अंदाज असतो. दोन टीम किंवा दोन माणसे यांच्यात तुलना करण्यासाठी तो बनवलेला नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावापुढे दिसणारे हिरवे चौकोनही साधारणपणे मुख्य शाखेत पोहोचलेले कमिट मोजतात. दोन दिवस खपून सापडलेल्या आणि एका ओळीत दुरुस्त झालेल्या बगचा तिथे एकच चौकोन उमटतो.

ॲपलमध्ये १९८२ साली लिसा संगणकाचे काम चालू असताना व्यवस्थापकांनी प्रत्येकाकडून आठवड्याला किती ओळी कोड लिहिला याचा तक्ता मागायला सुरुवात केली. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी त्या सुमारास क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रे काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग नव्याने लिहून तो कित्येक पटींनी वेगवान केला होता आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात ‘उणे २०००’ असा आकडा भरला. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे तो तक्ता मागणे बंद झाले.

आता एआय सहायकांमुळे कोडचे प्रमाण हे माप आणखी निकामी झाले आहे. शेजारचा सहकारी दिवसाला हजार ओळी देत असेल, तर त्यांतल्या किती रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत) टिकतात, प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) गेल्यावर किती परत दुरुस्त कराव्या लागतात आणि बिघाड झाला तर तो कोड कोणाला समजावून सांगता येतो, हे पाहावे लागते. स्वतःच्या कामालाही हेच निकष लावा.

तरीही एखादा सहकारी खरोखर वेगवान असेल, तर त्याचे मुख्य कोडमध्ये मर्ज झालेले दोन-तीन पुल रिक्वेस्ट शांतपणे वाचा आणि मग त्याच्याकडे अर्धा तास मागा. ‘मलाही शिकव’ असे मोघम म्हणू नका. ‘तो पेमेंटचा बग कोणत्या सेवेत आहे, हे तू लॉगमधून कसे ओळखलेस?’ असे विचारा. बहुतेक वेळा असे कळते की तो त्या कोडबेसमध्ये दोन वर्षे आहे, कोणती फाइल उघडायची हे त्याला पाठ आहे, त्याने डीबगर (चूक शोधण्याचे साधन) नीट लावून घेतला आहे किंवा तो अडल्यावर लवकर विचारतो. या सगळ्या शिकता येण्याजोग्या गोष्टी आहेत. स्वतःसाठी एक नियम ठेवा : चाळीस-पंचेचाळीस मिनिटे प्रयत्न करूनही पुढे सरकता आले नाही, तर काय करून पाहिले ते चार ओळींत लिहून मदत मागायची. नवे लोक अज्ञान उघडे पडेल या भीतीने दिवसभर अडून बसतात आणि त्यांचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

४. दर शुक्रवारी कामाची नोंद करा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांतील २३८ जणांच्या जवळपास १२,००० दैनंदिन नोंदी अभ्यासल्या. अर्थपूर्ण कामात पुढे सरकल्याची जाणीव, मग ती छोटी का असेना, माणसाची उमेद टिकवण्यात सर्वांत जास्त हातभार लावते, असे त्यांना आढळले. अडचण अशी की सॉफ्टवेअरमधली प्रगती डोळ्यांना दिसत नाही. तिकीट बंद झाले की बोर्डवरून नाहीसे होते आणि सहा महिन्यांनी आपल्यालाही ते आठवत नाही.

नोंदीत चार गोष्टी असाव्यात : अडचण काय होती, त्यात माझा वाटा काय होता, परिणाम काय झाला आणि पुरावा कुठे आहे. उदाहरणार्थ : ‘महिनाअखेरचा अहवाल तयार व्हायला पन्नास मिनिटे लागत होती. क्वेरीचा एक्झिक्युशन प्लॅन पाहिला, एका रकान्यावर इंडेक्स नसल्याचे आढळले, तो सुचवला आणि टेस्ट सर्व्हरवर तपासला. आता अहवाल सहा मिनिटांत होतो. तिकीट क्रमांक आणि लीडची मेल जपून ठेवली आहे.’ याउलट ‘परफॉर्मन्सवर काम केले’ ही नोंद कोणत्याच उपयोगाची नाही.

मोजली न जाणारी कामे आवर्जून लिहा : नव्या सहकाऱ्याचा सेटअप करून देणे, जुना दस्तऐवज सुधारणे, रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याची मोठी चूक वेळीच दाखवणे, रात्री दोन वाजता बंद पडलेली सेवा चालू करणे. टीम चालते ती बव्हंशी याच कामांवर, आणि ती करणारेच स्वतःला मागे पडलेले समजतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. रिव्ह्यूमध्ये तुम्हाला पुन्हा पुन्हा येणाऱ्या सूचनाही वेगळ्या पानावर लिहा. तीन महिन्यांनी ते पान उघडा. ‘नल तपासणी राहिली’ (मूल्य रिकामे आहे का ते पाहिले नाही) ही सूचना येणे थांबले असेल, तर ती तुमच्या प्रगतीची खरी मोजणी आहे. तुलनेसाठी तीन महिन्यांपूर्वीचे तुम्ही आता लेखी स्वरूपात समोर असता.

सावधगिरी : ही नोंद वैयक्तिक लॅपटॉपवर ठेवणार असाल, तर ग्राहकाचे नाव, कोड, सर्व्हरचे पत्ते किंवा स्क्रीनशॉट त्यात येऊ देऊ नका. करारातील गोपनीयतेच्या अटी मोडल्यास नोकरी जाऊ शकते.

५. अप्रेझलची तयारी जानेवारीत सुरू करा

ज्या कंपन्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते, तिथे रेटिंग पुष्कळदा तुमच्या बैठकीच्या आधीच, मॅनेजरांच्या आपापसांतल्या चर्चेत ठरलेले असते. तुमच्यासमोर येतो तो निकाल. म्हणून मार्चअखेरीस केलेला युक्तिवाद सहसा वाया जातो.

रेटिंगचा अर्थही समजून घ्या. ठरावीक टक्केवारीत लोकांना वरच्या, मधल्या आणि खालच्या गटांत बसवण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्श यांच्या काळात गाजली आणि जगभर पसरली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सोडली, पण तिची छाया अनेक ठिकाणी अजून आहे. अशा वाटपात दहा जणांच्या चांगल्या टीममध्येही सर्वांना वरचे रेटिंग देता येत नाही. मधले रेटिंग मिळाले म्हणजे काम मध्यम होते, असा अर्थ लगेच काढू नका. अभिप्राय मात्र शब्दशः वाचा.

जानेवारीत मॅनेजरकडे अर्धा तास मागून हे प्रश्न विचारा :

- वरच्या पदावर अपेक्षित असलेल्या कोणत्या दोन गोष्टी माझ्या कामात अजून दिसत नाहीत?
- त्या दाखवता येतील असे कोणते काम पुढच्या तिमाहीत मला मिळू शकेल?
- माझ्या कामाबद्दल तुमच्याशिवाय आणखी कोणाचे मत विचारात घेतले जाते?

बोलणे संपल्यावर त्याच दिवशी सारांशाची छोटी मेल पाठवा. मॅनेजर बदलला तरी ती मेल राहते. सहकाऱ्याचे नाव या संभाषणात एकदाही येऊ देऊ नका.

६. प्रकल्प मनासारखा नसेल तेव्हा

सपोर्ट किंवा मेंटेनन्सच्या प्रकल्पावर पडलेल्या मुलांचे खच्चीकरण सर्वांत जास्त होते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. हे काम कमी दर्जाचे नाही, पण त्यात वर्षानुवर्षे अडकून राहणे धोक्याचे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. प्रॉडक्शनमध्ये यंत्रणा कशा मोडतात, लॉग कसे वाचायचे, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतून चुकलेली नोंद कशी शोधायची आणि दबावाखाली ग्राहकाशी कसे बोलायचे, हे सपोर्टमध्ये जितके शिकायला मिळते तितके नव्या प्रकल्पावर अनेकांना मिळत नाही.

त्यातून पुढे सरकण्याचा मार्ग असा. सर्वांत जास्त वेळा येणारी तिकिटे महिनाभर मोजा. त्यांतल्या एका प्रकारासाठी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि किती वेळ वाचला ते लीडला दाखवा. मग त्याच भागातील एखादा किरकोळ बग स्वतः दुरुस्त करण्याची परवानगी मागा. अशा चार-पाच दुरुस्त्या नोंदीत जमल्या की अंतर्गत बदलीच्या अर्जाला वजन येते. बदलीसाठी सध्याच्या प्रकल्पावर किती काळ पूर्ण करावा लागतो, हे कंपनीच्या धोरणात आधीच पाहून ठेवा. बेंचवर असाल तर एकच विषय निवडून त्यात चालणारे काहीतरी बनवा. प्रमाणपत्रांची रांग लावून मुलाखतीत फारसे साधत नाही.

मराठी माध्यमातून किंवा तालुक्याच्या गावातून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. बैठकीत सफाईने इंग्रजी बोलणारा जास्त हुशार वाटतो आणि आपण गप्प बसतो, हा अनुभव अनेकांना येतो. बोलण्याची सफाई आणि कामाची समज या वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोललेलेच ऐकले जाते, हेही खरे आहे. म्हणून स्टँडअपपूर्वी तीन वाक्ये लिहून घ्या : काल काय झाले, आज काय करणार, कुठे अडले आहे. महत्त्वाचा मुद्दा बैठकीआधी चॅटवर लिहून पाठवा, म्हणजे बोलताना तुम्हाला त्याचा फक्त संदर्भ द्यावा लागतो. महिन्यातून एक डेमो स्वतःहून मागा, कारण स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलताना शब्द सापडतात. सहा महिन्यांत फरक पडतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

७. शिकण्याला मर्यादा घाला

दर आठवड्याला नवे फ्रेमवर्क येते आणि प्रत्येक सहकारी काहीतरी वेगळे शिकताना दिसतो. तीन महिन्यांसाठी एकच विषय ठरवा, तो शक्यतो चालू कामाशी जोडलेला असू द्या, आणि बाकीच्यांची नावे फक्त यादीत टाकून ठेवा. नोकरी बदलल्याच्या पोस्ट पाहून मन अस्वस्थ होत असेल, तर लिंक्डइन मोबाइलवरून काढून टाका आणि नोकरी शोधायची असेल तेव्हाच संगणकावर उघडा.

८. त्रास वाढला तर थांबू नका

आपण लायक नसताना इथे पोहोचलो आणि एक दिवस उघडे पडू, ही भावना पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांच्या अभ्यासातून मांडली. ती पुरुषांतही आढळते, आणि नोंदवहीचा तिच्यावर बराच उपयोग होतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, रविवारी संध्याकाळी छाती धडधडत असेल, जेवणावरून किंवा माणसांवरून मन उडाले असेल, तर तो तुलनेचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

काही वेळा दोष वातावरणाचाच असतो. चारचौघांत अपमान करणारा लीड, उघडपणे माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी पद्धत किंवा वर्षभर मागूनही न मिळालेला लेखी अभिप्राय, या गोष्टी वरच्या पायऱ्यांनी सुधारत नाहीत. तेव्हा दुसरी ऑफर हातात आल्यावर राजीनामा द्या. निघण्यापूर्वी रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि शेवटच्या पगारपावत्या घ्या, यूएएनला (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाला) तुमचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक जोडलेला असल्याची खात्री करा, आणि जुना पीएफ काढून न टाकता नव्या खात्यात वर्ग करा.